तेलावर नाही, वायरवर: नव्यानं गाडी शिकणाऱ्यांसाठी हँडब्रेक

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर पुतण्यानं जुनी मोटार घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. आठ-दहा दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की ब्रेकवर पाय ठेवून बसलं की पॅडल हळूहळू खाली जातं. आम्ही गाडी तालुक्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्याचं गॅरेज डांबरी रस्त्याच्या भरावाखाली, त्यामुळे गाडी उतारावरच उभी राहिली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पाइप सोडले आणि मास्टर सिलेंडर काढून फळीवर ठेवला. ब्रेकचं तेल पत्र्याच्या डब्यात टपटप पडू लागलं तसा पुतण्याचा जीव वरखाली होऊ लागला. ब्रेकचं तेलच गेलं म्हणजे गाडी आता नालीत जाणार, असं वाटून त्यानं धावत जाऊन मागच्या चाकाला दगड लावला.

मिस्त्रीनं वर न बघता सांगितलं, "दगड लावला त चांगलंच केलं भाऊ. पण गाडी तेलावर नाही, वायरवर उभी हाय."

घरी येईपर्यंत पुतण्या एकच विचारत होता, ब्रेक नाही तर गाडी थांबली कशी? आमच्या भागात आता बऱ्याच घरी जुन्या मोटारी येत आहेत आणि हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. म्हणून त्याला जे सांगितलं, करून दाखवलं, तेच इथं लिहितो आहे.

आधी दोन रस्ते समजून घ्या

पायाच्या ब्रेकचा रस्ता तेलाचा आहे. पॅडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या तेलाला रेटतो, आणि बंद पाइपातल्या तेलाला दाब दिला की तो चारही चाकांपर्यंत पोचतो. तिथं छोटे सिलेंडर असतात. ते पुढच्या चाकांत डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, पॅड नावाच्या वड्या दाबतात; मागच्या चाकांत ड्रमच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतले शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, पसरवतात. कापसावर फवारणी केलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पंपाची नळी जिथं फाटते तिथूनच दाब निघून जातो आणि नोझलला नुसते थेंब येतात. ब्रेकचंही तसंच. पाइप फुटला, रबरी सील गेलं, तेलात हवा शिरली, की पॅडल बिनजोराचं होतं. एक मात्र बरं आहे. आताच्या मोटारींत मास्टर सिलेंडरमध्ये दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याकडे दोन चाकं असतात. एक बाजू गळाली तरी दुसरी चालते. पॅडल खूप खाली जातं, गाडी उशिरा थांबते, पण थांबते. मास्टर सिलेंडरच निकामी झाला तर मात्र पायाखाली काही उरत नाही.

हँडब्रेकचा रस्ता या सगळ्याच्या बाहेरून जातो. त्यात तेल नाही, दट्ट्या नाही, इंजिनाची मदत नाही. दोन सीटांच्या मधला दांडा तुम्ही ओढता, दांडा वायर ओढतो, वायर गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाते. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ही तार, फक्त जाड आणि पोलादी वेटोळ्याच्या नळीत घातलेली. ड्रमच्या आत तिचं टोक एका छोट्या दांडक्याला अडकवलेलं असतं. दांडकं ओढलं गेलं की ते मधल्या पट्टीच्या आधारानं एका शूला पुढे ढकलतं आणि त्याच जोरानं दुसऱ्या शूला मागे. दोन्ही शू पसरतात, ड्रमला घट्ट चिकटतात, चाक धरलं जातं. तेलाचा सिलेंडर तिथं शेजारीच असतो, पण या कामात त्याचा काही हात नसतो.

दोन चाकांना सारखी ओढ कशी मिळते, हे मला या यंत्रणेत सगळ्यात देखणं वाटतं. दांड्याकडून येणारी ओढ एका छोट्या आडव्या पट्टीच्या मध्यावर येते आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन चाकांच्या वायरी असतात. बैलांचं जू आठवा. एक बैल दोन पावलं पुढे गेला तर जू तिरपं होतं, पण ओढ दोघांवरही राहते. एका चाकाचे शू जास्त झिजले असतील तर ही पट्टी तशीच तिरपी होते आणि दोन्ही वायरी सारख्या ताणल्या जातात.

आता जोराचा हिशोब. संयुक्त राष्ट्रांच्या मोटार नियमावलीत पार्किंग ब्रेकसाठी अट आहे, की भरलेली मोटार २० टक्के उतारावर धरून ठेवता आली पाहिजे आणि त्यासाठी हातानं लावायचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोची ओढ. २० टक्के उतार म्हणजे १०० मीटर गेल्यावर २० मीटर खाली. अशा उतारावर १,००० किलोची गाडी जवळपास १९६ किलोच्या जोरानं खाली ओढली जाते. हाताचे ४० किलो तिला कसे धरतील? सब्बलीनं आपण एकटे मोठा धोंडा उचकटतो तसेच. हातातला दांडा ही एक सब्बल, ड्रमच्या आतलं दांडकं ही दुसरी, आणि दोन्हींनी जोर वाढतच जातो. शिवाय ड्रम फिरू पाहतो तेव्हा दोनपैकी एका शूला स्वतःसोबत ओढून आणखी घट्ट करतो. गाडी पुढे सरकू पाहो की मागे, एक ना एक शू असा आवळला जातोच. उभी गाडी धरायला ड्रम चांगला, तो यामुळे.

ही वायर जुन्या काळाची उरलेली खूण नाही. एके काळी चारही चाकांचे ब्रेक तारांनी आणि सळयांनी चालायचे. हेन्री फोर्डच्या कंपनीनं तर आपल्या मोटारींना तेलाचे ब्रेक १९३९ सालच्या मॉडेलांपासून दिले. तेल आल्यावरही वायर राहिली, कारण एक रस्ता बंद पडला तर दुसरा हवा. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९६व्या नियमातही पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक या दोन स्वतंत्र यंत्रणा मागितलेल्या आहेत.

पहिली पायरी: अंगणात खटके मोजा

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. पायाचा ब्रेक दाबून ठेवा आणि हँडब्रेक पूर्ण खाली सोडा. सोडताना दांडा आधी जरासा वर उचला, मग टोकाचं बटण दाबा, मग खाली न्या. बटण अडतं म्हणून अंगठा दुखवून घेणारे खूप पाहिले आहेत. दांड्यावर ताण असताना बटण अडणारच.

आता बटण न दाबता सावकाश ओढा आणि कट-कट आवाज मोजा. दांड्याच्या बुडाशी दाते असलेली पट्टी आहे आणि तिच्यात एक खटका अडकतो, म्हणून तुम्ही हात काढला तरी दांडा तिथंच राहतो. बहुतेक लहान गाड्यांत चार ते आठ खटक्यांत ब्रेक घट्ट लागला पाहिजे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. दहा-बारा खटके जाऊनही हाताला घट्टपणा लागत नसेल तर शू झिजले आहेत किंवा वायर ताणली गेली आहे. पहिल्याच खटक्याला दांडा दगडासारखा लागत असेल तर वायर जाम झाली असण्याची शक्यता आहे. आकडा कुठंतरी लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा फरक कळेल.

मग न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, दोघांनी गाडी ढकलून पाहा. हलली तर ती गाडी उतारावर नेऊ नका.

दुसरी पायरी: चाक हातानं फिरवून बघा

वाचून जे पटत नाही ते हाताला पटतं. पुतण्याला मी हे करायला लावलं आणि त्यानंतर त्यानं तेलाचा प्रश्न परत विचारला नाही.

हे फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत करा, म्हणजे बहुतेक लहान मोटारी. जीप, व्हॅन अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागचं चाक गिअरशी जोडलेलं असतं, तिथं हे काम मिस्त्रीकडेच करून घ्या. जागा पक्की हवी, सिमेंटचं अंगण किंवा फरशी. काळ्या मातीवर जॅक कधीही लावू नका. वरून वाळलेली दिसते, पण वजन आलं की जॅक तिरपा होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि मगच मागचं एक चाक जेमतेम बोटभर उचला. गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. लेकरांना लांब ठेवा.

हँडब्रेक खाली सोडा आणि चाक हातानं फिरवा. मोकळं फिरेल, शू किंचित घासल्याचा आवाज आला तरी चालेल. आता दुसऱ्याला आत बसवून एकेक खटका ओढायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या खटक्याला चाक जड होईल, पाचव्या-सहाव्याला दोन्ही हातांनी फिरणार नाही. मग हँडब्रेक सोडायला सांगा आणि पायाचं पॅडल दाबायला सांगा. चाक पुन्हा अडेल. घर एकच, दारं दोन: एका दारानं तेल येतं, दुसऱ्यानं वायर.

घर एकच असण्यात एक धोकाही आहे. मागच्या चाकातला तेलाचा सिलेंडर गळू लागला तर तेल शूवरच पडतं. तेलकट शू ड्रम धरत नाहीत, मग ते तेलानं दाबा की वायरनं. म्हणून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर ओघळ दिसला तर हँडब्रेकही गेला असं समजा. हे सांगणारे कमी भेटतात, म्हणून जोर देऊन लिहितो आहे.

गाडी उभी करायची ती अशी

पाय ब्रेकवर. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक ओढा. आता पायाचा ब्रेक हळूहळू सोडा आणि गाडी हँडब्रेकवर बसते का ते बघा. बसली, की पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करा आणि गिअर टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक असेल तर शेवटी पी, म्हणजे पार्क.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिअर टाकून पाय काढला तर सगळं वजन गिअरबॉक्सवर लटकतं आणि हँडब्रेक पकडतो की नाही हे तुम्हाला कधी कळतच नाही. आपल्याकडे नेमकं हेच होतं. यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडचे रस्ते बरेचसे सपाट. गाडी गिअरमध्ये टाकली की झालं. कित्येक गाड्यांचा हँडब्रेक वर्षानुवर्षं कुणी ओढलेला नसतो. मग एखाद्या रविवारी घरचे सगळे चिखलदऱ्याला निघतात. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरचं ठिकाण, परतवाड्यानंतरचा घाट, पुढे बस अडलेली, मागे जीप चिकटलेली, आणि तेव्हा पहिल्यांदा तो दांडा ओढला जातो. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाटातही हीच गत.

उतारावर उभी करताना स्टिअरिंग रस्त्याच्या कडेकडे, म्हणजे डावीकडे वळवून ठेवा. तोंड वर असो की खाली, गाडी सरकलीच तर रस्त्यावर न येता कडेला जाईल. अर्थात कडेला दरी किंवा विहीर नाही हे आधी बघून. चाकाला दगड लावायचा तो उताराच्या बाजूनं, आणि निघताना तो रस्त्यातून उचलायचा. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.

चढावर गाडी काढताना

हे शिकायला घाटात जायची गरज नाही. गावाजवळच्या नाल्यावरच्या पुलाचा चढ किंवा तलावाच्या पाळीवर जाणारा रस्ता पुरतो, मागे मोकळी जागा असली म्हणजे झालं.

चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडा. पहिला गिअर. क्लच हळूहळू वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेटचं तोंड किंचित उचललं जातं. गाडी पुढे जाऊ पाहते आहे आणि मागे फक्त वायर तिला धरून आहे, अशी ती वेळ. थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, दांडा जरासा उचलून बटण दाबा आणि खाली सोडा. गाडी मागे न जाता पुढे निघते. दोन-चार वेळा बंद पडेल, पडू द्या. दहा-पंधरा वेळा केल्यावर कान आणि पाय आपोआप जुळतात.

सपाटीला आल्यावर दांडा पूर्ण खाली गेला आहे ना, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला आहे ना, हे बघा. एक-दोन खटके तसेच राहिले तर गाडी चालते, पण शू ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, शेजारचा सिलेंडर तापतो, त्यातलं तेल तापतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे, तर ओल शोषलेल्यासाठी ती अट १४० अंशांची आहे. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे येतात आणि पॅडल फुसकं पडतं. म्हणजे तेलाशी काहीही संबंध नसलेला हँडब्रेक तुमच्या विसरण्यानं तेलाचा ब्रेक घालवू शकतो. मे महिन्यात, भर दुपारी, भरल्या गाडीत हे जास्तच लवकर होतं. मागच्या चाकाकडून जळका वास आला तर थांबा, गाडी सावलीत थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकू शकतो.

पॅडल खाली गेलं तर

ही वेळ कुणावर न येवो, पण यायची असेल तर तुमची तयारी असली पाहिजे.

पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. पॅडल भराभर तीन-चार वेळा दाबा. पाइपात थोडं तेल उरलं असेल तर दाब परत तयार होतो. गिअर एकेक करत खाली आणा, पाचव्याचा चौथा, मग तिसरा, मग दुसरा. इंजिन स्वतःच गाडीला अडवतं. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. इंजिन बंद करू नका, किल्ली तर मुळीच काढू नका. स्टिअरिंग जड होईल किंवा कुलूपबंद होईल.

मग हँडब्रेक. बटण अंगठ्यानं दाबून धरा आणि दाबलेलंच ठेवून दांडा थोडा थोडा ओढा. बटण दाबलेलं असलं की खटका अडकत नाही, म्हणून मागचं चाक घसरतंय असं वाटलं तर लगेच ढील देता येते. एका झटक्यात पूर्ण ओढला तर मागची चाकं जागच्या जागी अडकतात. अडकलेल्या चाकाला आडवी पकड राहत नाही आणि गाडीचं ढुंगण फिरून गाडी गरकन वळते. ओल्या रस्त्यावर किंवा मुरमावर हे फारच चटकन होतं. स्टिअरिंग सरळ असतानाच ओढा, वळणात नाही.

चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर आहे आणि गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. वर सांगितलेल्या नियमावलीत चालती गाडी पार्किंग ब्रेकनं थांबवण्याची किमान अट दर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करण्याची आहे. त्या हिशोबानं ३० किलोमीटरच्या वेगातून थांबायला सुमारे २३ मीटर लागतात आणि ६० च्या वेगातून सुमारे ९३. म्हणून आधी गिअर, मग हँडब्रेक, आणि नजर सतत मोकळ्या जागेवर: नांगरलेलं वावर, चढाचा पांदण रस्ता, रेतीचा ढीग.

याचा सराव करता येतो. आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसलेल्या दिवशी रिकामं असतं. कोरड्या जमिनीवर, १५-२० च्या वेगात, बटण दाबून, सरळ रेषेत. आजूबाजूला माणूस किंवा गुरं नसताना. चार-पाच वेळा पुरे.

पावसाळा, चिखल आणि पडून राहिलेली वायर

वायरचा शत्रू तेल नाही, पाणी आहे. नळीला कुठं चीर गेली की पावसाचं पाणी आत जातं, तार गंजते, फुगते आणि नळीतच अडकते. मग दांडा ओढला तर वर येतो, पण सोडला तरी शू सुटत नाहीत. आपल्या पांदण रस्त्यांवरचा काळा चिखल तर वायरीच्या टोकांना लिंपल्यासारखा बसतो आणि वाळला की विटेसारखा कडक होतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूनं साधं पाणी मारा. आणि सपाट जागेतही रोज हँडब्रेक ओढा. सरकत राहिलेली तार सहसा जाम होत नाही.

याला एक अपवाद. गाडी नाल्याच्या पाण्यातून आली असेल किंवा ओलीच बरेच दिवस उभी राहणार असेल, लग्नाला दहा दिवस बाहेर चाललात असं समजा, तर सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले शू आणि लोखंडी ड्रम गंजानं एकमेकांना चिकटतात. तेव्हा गिअर आणि चाकाला दोन्हीकडून दगड. पाण्यातून निघाल्यावर थोडं अंतर पायाचा ब्रेक हलका दाबत चाला, म्हणजे शू वाळतात; ओले असताना कोणताच ब्रेक नीट धरत नाही.

सकाळी चाक चिकटलेलं असेल तर जोर करून गाडी ओढू नका. पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून, क्लच अर्धा सोडून, हलकं मागेपुढे करा. बहुतेकदा टक् असा आवाज येऊन सुटतं. नाही सुटलं तर मिस्त्रीला घरी बोलवा.

लाल दिव्याची एक गोष्ट

हँडब्रेक ओढला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. दोन रस्ते वेगळे, पण निरोप सांगणारा एकच. म्हणून दांडा पूर्ण खाली असूनही दिवा जळत राहिला तर तो खराब झाला असं समजून पुढे जाऊ नका. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीवरच्या दोन रेघा बघा. पातळी खालच्या रेघेखाली गेली असेल तर एकतर पॅड झिजले आहेत किंवा कुठंतरी गळती आहे. झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच, सीलबंद डब्यातलं तेल घाला. इंजिन ऑइल किंवा घरातलं कुठलंही तेल चुकूनही नको. त्यानं आतली रबरं फुगतात आणि पूर्ण ब्रेक बदलायची पाळी येते.

मिस्त्रीकडे गेल्यावर

खटके वाढले म्हणून गेलात तर सगळ्यात सोपं काम असतं दांड्याजवळचा नट आवळणं. पाच मिनिटांत दांडा घट्ट होतो आणि गिऱ्हाईक खूश. पण शू झिजलेले असताना नुसती वायर आवळली तर ड्रमच्या आतलं दांडकं कायम अर्धवट ओढलेलं राहतं आणि शूची झीज आपोआप भरून काढणारी आतली रचना नीट काम करत नाही. म्हणून मिस्त्रीला सांगा, आधी मागचे ड्रम उघडून शू बघा, आतली सेटिंग करा, वायर शेवटी. तो वेळ लागेल म्हणेल, लागू द्या. ड्रम उघडला की समोर उभं राहून सिलेंडर कोरडा आहे का, वायरीचं टोक मोकळं सरकतं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या गाड्यांत वायर कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यातला, स्क्रू फिरवते, किंवा डिस्कच्या मध्यभागी छोटा ड्रम दिलेला असतो. कॅलिपरवाल्या गाडीत घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेली असते. थंड होताना ती किंचित आकसते आणि पकड ढिली होते. तिथं एक खटका जास्त ओढा आणि गिअर विसरू नका. नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण आलं आहे. त्यात हाताची जागा छोट्या मोटरनं घेतली आहे. लावलेला ब्रेक बॅटरी उतरली तरी लागलेलाच राहतो, पण सोडवायला वीज लागते.

ट्रॅक्टरचं निराळं. त्याला डाव्या-उजव्या चाकाची दोन पॅडलं असतात, रस्त्यावर ती खिळीनं जोडायची आणि उभा करताना दाबलेली पॅडलं आकड्यात अडकवायची. ट्रॉली लावलेली असेल तर ट्रॉलीच्या चाकांनाही दगड लावा, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत तर हिशोब उलटा आहे. पार्किंग ब्रेक जाडजूड स्प्रिंगनं लागतो आणि हवेचा दाब त्याला सोडवून धरतो. चालक गाडी उभी करताना फुस्स आवाज येतो तो ही हवा सोडल्याचा. हवा गेली की ब्रेक लागतो.

पुतण्याच्या गाडीचे आता सहा खटके आहेत, दर महिन्याला मोजतो. मिस्त्रीकडे लावलेला तो दगड त्यानं तिथंच ठेवला आणि गावच्या सुताराकडून बाभळीचे दोन तिरपे गुटके करून घेतले. ते डिकीत स्टेपनीच्या बाजूला असतात.